रॅप्टर्स आयत्या बिळावरचे नागोबा नव्हते

एनबीए, म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिची फायनल जवळ आली की एक जुना दावा पुन्हा फिरू लागतो. त्याचा सारांश असा: २०१९ मध्ये टोरांटो रॅप्टर्स जिंकले नाहीत, गोल्डन स्टेट वॉरियर्स जायबंदी होते. केव्हिन ड्युरंट बाहेर, क्ले थॉम्प्सन लंगडत. त्याआधी फिलाडेल्फियाविरुद्ध बॉल रिंगवर चार टप्पे खाऊन आत पडला, म्हणून गडी वाचले. लेब्रॉन जेम्स पश्चिम विभागातल्या लेकर्सकडे गेल्यामुळे रॅप्टर्सचा पूर्व विभाग ओस पडला होता. आणि टीम म्हणजे काय, तर एका वर्षासाठी आणलेला कवाय लेनर्ड नि बाकी भरती.

यातला दुखापतींचा मुद्दा तेवढा दमदार आहे, त्यामुळे त्याला वेळ देऊ. बाकीचे आधी निकालात काढू.

पूर्व विभाग म्हणजे ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ असा प्रकार होता म्हणे. त्या मोसमात अख्ख्या लीगमध्ये सर्वांत चांगला रेकॉर्ड पूर्वेतल्याच मिलवॉकी बक्सचा होता, ६०-२२. त्याखालोखाल रॅप्टर्स, ५८-२४. वॉरियर्स ५७-२५. चांगल्या रेकॉर्डवाल्याच्या घरी फायनल सुरू होते; पहिली मॅच टोरांटोत का झाली, याचं उत्तर या एका विजयाच्या फरकात आहे.

त्या बक्सविरुद्ध रॅप्टर्स ०-२ ने मागे पडले आणि मग सलग चार जिंकले. तिसऱ्या मॅचपासून रॅप्टर्सचा कोच निक नर्सने बक्सच्या यानिस अँटेटोकुम्पोवर कवायला लावलं. पण एकट्या कवायने यानिस थांबत नाही. कवाय पुढून वेग मोडायचा, मागे पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनात, मार्क गसोल उभा, आणि यानिस आत शिरला की दोन्ही बाजूंचे गडी आत सरकायचे. यात धोका एकच: यानिसने बॉल बाहेर फेकला तर थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) टाकणारा मोकळा असतो. म्हणून आत सरकलेल्याने तितक्याच झपाट्याने बाहेर धावायचं. हे दर वेळी करताना पायांचा पार भुगा होतो. त्या तिसऱ्या मॅचच्या रात्री दोन ओव्हरटाइम झाले, कवाय ५२ मिनिटं खेळला. यानिसचे १६ शॉटपैकी ५ आत, १२ पॉइंट. सहाव्या मॅचमध्ये बक्स १५ ने पुढे होते, तिथून रॅप्टर्सनी २६-३ अशी रन काढली, म्हणजे स्वतः २६ पॉइंट केले आणि बक्सना फक्त ३ दिले.

आता तो चार टप्प्यांचा शॉट. १२ मे २०१९, फिलाडेल्फियाविरुद्धची सातवी मॅच. लोक एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात: स्कोअर ९०-९० होता. बॉल बाहेर गेला असता तर रॅप्टर्स घरी गेले नसते, ओव्हरटाइम झाला असता. फिलाडेल्फियाच्या उंचपुऱ्या जोएल एम्बीडच्या हातावरून काढायचा म्हणून कवायने बॉल खूप उंच मारला, त्यामुळे तो रिंगवर जवळजवळ सरळ खाली आला आणि तिथेच नाचत राहिला. सपाट मारलेला बॉल पहिल्याच टप्प्याला उडून गेला असता. नशीब होतं का? होतंच की. पण ते नशीब बरोबरीच्या स्कोअरवर आलं.

आता दुखापती. ड्युरंटची पोटरी ८ मे ला, ह्यूस्टनविरुद्धच्या पाचव्या मॅचमध्ये दुखावली. पुढे काय झालं? ती मॅच वॉरियर्सनी जिंकली. ह्यूस्टनच्या घरात जाऊन मालिका संपवली. पोर्टलंडला ४-० असं झाडून काढलं. ड्युरंटविना ते फायनलला आले तेव्हा ‘हे त्याच्याशिवायच जास्त चांगले खेळतात’ अशा गप्पा चालू होत्या. ‘ड्युरंट नव्हता म्हणून’ हे पालुपद फायनल हरल्यावर सुरू झालं.

थॉम्प्सनचं मॅचवार बघा. पहिली मॅच तो पूर्ण खेळला, रॅप्टर्स ११८-१०९. दुसऱ्यात त्याचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला. ती वॉरियर्सनी जिंकली. तिसऱ्यात तो नव्हता, वॉरियर्सच्या स्टीफन करीने ४७ काढले, तरी हरले. हा विजय दुखापतीच्या खात्यात घाला, तक्रार नाही. चौथ्यात तो परतला, २८ पॉइंट केले आणि वॉरियर्स स्वतःच्या घरात १३ ने हरले. सहाव्यात ३० पॉइंटवर असताना त्याचा गुडघा गेला. तो फ्री थ्रो टाकून बाहेर गेला तेव्हा वॉरियर्स ८५-८० असे पुढे होते. शेवटच्या क्वार्टरमध्ये तो नव्हता, हे खरं. पण त्याच क्वार्टरमध्ये फ्रेड व्हॅनव्लीटने १२ पॉइंट टाकले, आणि ते रॅप्टर्सनाच टाकावे लागले.

पाचवी मॅच तर उलटंच सांगते. ड्युरंट आला, १२ मिनिटांत ११ पॉइंट केले आणि त्याची टाचेमागची शीर (अकिलीस) तुटली. तरीही शेवटची तीन मिनिटं उरलेली असताना रॅप्टर्स १०३-९७ ने पुढे होते, कवायने एकट्याने सलग १० पॉइंट केले होते. तेवढ्यात नर्सने टाइमआउट घेतला. कारण नियमाचं: शेवटच्या तीन मिनिटांत दोनच टाइमआउट वापरता येतात, जास्तीचे फुकट जातात. म्हणून ३:०५ वर त्याने एक खर्च केला. खेळाडूंना दम मिळाला, पण लय तुटली. थॉम्प्सन, करी, पुन्हा थॉम्प्सन असे तीन थ्री पडले आणि मॅच १०६-१०५ ने गेली. हिशेब वाचवायला गेला आणि ट्रॉफी तीन दिवस लांबली.

डावपेचांबद्दल मात्र नर्सला पूर्ण गुण. दुसऱ्या मॅचमध्ये थॉम्प्सन बाहेर गेल्यावर त्याने ‘बॉक्स अँड वन’ लावला. शाळकरी मॅचमध्ये बघायला मिळतो तो प्रकार, एनबीएत जवळपास कोणी वापरत नाही. व्हॅनव्लीट करीच्या अंगाला चिकटलेला, बॉल त्याच्याकडे असो वा नसो. बाकीचे चौघे चौकोनात: दोघे फ्री थ्रो लाइनच्या टोकांना, दोघे खाली बास्केटजवळ. करी सोडून दुसरा भरवशाचा शूटर कोर्टवर असेल तर हा चौकोन लगेच फाटतो, कारण कोपरे कोणाच्याच वाट्याला नसतात. थॉम्प्सन नव्हता म्हणून तो लागला. म्हणजे दुखापत ओळखून तिच्या मापाचं कपडं शिवलं. साडेपाच मिनिटं वॉरियर्सना एक पॉइंट मिळाला नाही. मग करीला दोघांनी घेरलं, बॉल शॉन लिव्हिंग्स्टनमार्गे आंद्रे इग्वोडालाकडे गेला, आणि मोकळ्या थ्रीने मॅच गेली. वर्म होतं तिथेच घाव बसला.

ज्यांना सगळे धडधाकट असतानाचा पुरावा हवा त्यांनी १२ डिसेंबर २०१८ बघावा. ओकलंडमध्ये करी, थॉम्प्सन, ड्युरंट, ड्रेमंड ग्रीन चौघेही खेळले, ड्युरंटने ३० काढले. रॅप्टर्स ११३-९३. एका साध्या लीग मॅचवरून फायनलचा निकाल लावू नये, मान्य. सात मॅचमध्ये ताजातवाना ड्युरंट असता तर पारडं वॉरियर्सकडेच झुकलं असतं, तेही मान्य.

पण त्या रात्री ओकलंडमध्ये रॅप्टर्सकडून कोण खेळत नव्हतं? कवाय लेनर्ड. ‘एकट्याची टीम’ हा मुद्दा इथेच लंगडा पडतो. आदल्या मोसमात मांडीच्या दुखण्याने त्याच्या फक्त ९ मॅच झाल्या होत्या, त्यामुळे टोरांटोने त्याला मुद्दाम विश्रांती देत ६० मॅच खेळवलं. उरलेल्या २२ मध्ये रॅप्टर्स १७-५ होते. फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये पास्कल सिआकमचे १७ पैकी १४ शॉट आत, ३२ पॉइंट. शेवटच्या मॅचमध्ये काइल लाउरी आणि सिआकम प्रत्येकी २६, कवाय २२. ओजी अनुनोबी तर अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे प्लेऑफमध्ये कोर्टवर उतरलाच नाही. दुखापतींची वही एकाच टीमची कशी उघडता?

जुलै २०१९ मध्ये कवाय क्लिपर्सकडे गेला. त्याच्याशिवाय, कोविडने तुटलेल्या पुढच्या मोसमात रॅप्टर्सचा रेकॉर्ड होता ५३-१९. टक्केवारीत तो ५८-२४ पेक्षा वरचा आहे.