पाचशेच निघाले, पण घेणारे किती?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तिघांनी पाठवला. पहिला भाच्याचा. खाली त्याची ओळ: "मामा, तुमच्या कपाटात तर लाखो पडलेत!" मेसेज म्हणतो, लिमिटेड एडिशनचे खेळण्यातले सैनिक म्हणजे दुसरं सोनं. संख्या ठरलेली, म्हणून भाव चढणारच. सोबत सर्टिफिकेट, म्हणून किंमत पक्की. डबा उघडू नका, की झालं. पुरावा म्हणून 2 लाख डॉलरला गेलेला एक सैनिक आणि ऑनलाइन लावलेल्या किमतींचे फोटो. सोलापुरात बसून वीस वर्षं हे सैनिक जमवतोय, काही विकूनही पाहिलेत. म्हणून उत्तर देतो.

2 लाख डॉलरची गोष्ट खरी आहे. 2003 साली 'जी. आय. जो' या खेळण्यातल्या अमेरिकन सैनिकाचा नमुना त्या किमतीला गेला. पण तो 1963 च्या सुमाराचा, हातानं घडवलेला मूळ नमुना. कारखान्यातला माल त्यावरून पुढे निघाला, त्याला एडिशन वगैरे काही नव्हती. त्याचं नाव सांगून पाचशेतला दोनशे सत्तरावा घोडेस्वार खपवणं म्हणजे थोरल्याचा पगार दाखवून धाकट्याचं लग्न जमवणं.

"संख्या कमी, म्हणून भाव चढणारच." सगळी गफलत इथे आहे. इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीनं 1893 मध्ये पोकळ ओतकाम सुरू केलं. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, कडेनं गोठलं की आतलं उलटं करून काढून घ्यायचं. सैनिक आतून पोकळ, शिसं कमी, किंमत कमी. म्हणून ते पोराटोरांच्या हातात गेले. इंग्रजी अमलातल्या आपल्याकडच्या पलटणींचे, बॉम्बे लान्सर्सचे, बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचे संचही त्यांनी काढले, तेही साधे दुकानातले. पोरांनी ते आपटले, चावले, हरवले. मुंडकं तुटलं की काडेपेटीची काडी खुपसून परत बसवायचे. असा काडीच्या मानेचा एक शिपाई माझ्याकडे आहे, डोकं फिरवलं की बारीक कुरकुरतो. 1966 मध्ये कंपनीनं शिशाचे सैनिक बंद केले. धड डब्यातल्या जुन्या संचाला आज पैसे मिळतात ते बाकीचे खेळून संपले म्हणून.

लिमिटेड एडिशनचं नेमकं उलटं. घेणारा पहिल्या दिवसापासून जपतो. पाचशे निघाले तर तीस वर्षांनीही जवळपास पाचशेच असणार. आणि हवे असणारे साडेतीनशेच निघाले तर? आमच्या कुंभार वेशीतले दिवाळीचे मावळे बघा. ढिगानं येतात, किल्ल्यावरच्या आळिवाला पाणी मारता मारता रंग उडतो, तुळशीच्या लग्नापर्यंत निम्मे मोडलेले. माझ्या लहानपणचा एक धड मावळा कुणी दाखवला तर मी मागेल ते देईन. त्याच्यावर कुणी नंबर टाकला नव्हता.

शिवाय 'लिमिटेड' कुणी ठरवायचं? विकणाऱ्यानंच. अमेरिकेत शोभेच्या बशा "फक्त 150 भट्टी-दिवस", म्हणजे भट्टी एवढेच दिवस पेटणार, अशी मर्यादा सांगून विकल्या गेल्या. दिवस मोजले, बशा किती ते गुलदस्त्यात. सैनिकांतही साचा तोच ठेवून कोटाचा रंग बदलला की नवी एडिशन.

सर्टिफिकेट एवढंच सांगतं की हा अमक्या नंबरचा नग आहे. तो कुणाला हवाय का, हे त्यावर छापलेलं नसतं.

डब्याचा मुद्दा अर्धा बरोबर. मूळ डबा असला की किंमत जास्त येते, हे मान्य. पण कधी उघडायचाच नाही? सोलापूरचा मे महिना आणि वर पत्र्याची खोली. मी एक बंद डबा नऊ वर्षांनी उघडला तर आतला फोम पिवळा पडून गुळाच्या पाकासारखा घोड्याच्या पोटाला चिकटलेला, खरवडताना रंगही गेला. जुन्या शिशाला तर कोंडलेली हवा आणखी वाईट. लाकडाच्या, पुठ्ठ्याच्या आम्लधारी वाफेनं त्यावर पांढरी भुकटी धरते, आणि ती अंग खाते.

ऑनलाइन लावलेल्या किमती तर सोडूनच द्या. मंगळवार बाजारात कुणी काहीही भाव सांगतो. विकलं कितीला, ते विचारा.

मेसेजमध्ये एक गोष्ट आलेलीच नाही, ती म्हणजे कस्टम. खेळण्यांवरची आयात ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2023 मध्ये 70. हे पैसे सरकारजमा. तुमचा संच परत विकताना परदेशातला गिऱ्हाईक ते कशाला भरून देईल? पाचशेच्या एडिशनमधला माझा सहा घोडेस्वारांचा एक संच असाच परदेशातून मागवलेला, सगळं धरून 11 हजारांना पडला. विकायला काढला तेव्हा सोलापुरात विचारणारा एक नाही. पुण्याच्या एकानं साडेसहा हजार देऊ केले, तेही कुरिअर माझ्याकडून. मी नाही म्हटलं.

यंदा त्यातला झेंडेवाला नातवानं किल्ल्यावर चढवला आणि घोड्याचा पुढचा पाय मोडून खाली आणला. आता त्या एडिशनचे चारशे नव्व्याण्णवच धड संच उरले. बाकीच्या मालकांनी माझ्या नातवाला खाऊला पैसे पाठवायला हरकत नाही.