सरदाराच्या कपाटातली नाटकं

'अ‍ॅनॉनिमस' पुन्हा पाहिला. २०११ चा सिनेमा, दिग्दर्शक रोलंड एमेरिख, म्हणजे एरवी पडद्यावर शहरंच्या शहरं जमीनदोस्त करणारा गृहस्थ. इथे त्याने एकाच माणसाला धरलंय. शेक्सपिअरची नाटकं म्हणे ऑक्सफर्डचा सरदार एडवर्ड डी व्हिअर याची. शेक्सपिअर हा नुसता दारुडा, बायकांमागे धावणारा नट, सरदाराच्या नाटकांवर स्वतःचं नाव लावून पैसे करणारा. वाचता येतं, पण लिहिता येत नाही!

बघायला मजा येते, खोटं कशाला बोला. चिखलाने बरबटलेलं लंडन झकास उभं केलंय. म्हाताऱ्या एलिझाबेथ राणीचं काम व्हनेसा रेडग्रेव्हने केलंय आणि तरुणपणीचं तिच्याच मुलीने, जोएली रिचर्डसनने. तेवढ्यासाठीही तिकिटाचे पैसे वसूल. १५९३ मध्ये खून झालेला नाटककार मार्लो इथे पुढेही काही वर्षं खुशाल हिंडतो. १६०१ मध्ये राणीविरुद्ध उठलेल्या एसेक्स या सरदाराच्या माणसांनी बंडाच्या आदल्या दिवशी शेक्सपिअरच्या नाटक कंपनीला वर ४० शिलिंग मोजून त्याचा 'दुसरा रिचर्ड' लावायला सांगितला होता. सिनेमात 'तिसरा रिचर्ड' लागतो, कारण कुबडा राजा दाखवला की राणीचा कुबडा मंत्री सेसिल याला टोमणा बसतो. चालायचंच, सिनेमाच आहे.

माझं भांडण त्या कपाटाशी आहे. सरदाराच्या वाड्यात नाटकं लिहून तयार, तो त्यातलं एकेक बाहेर देतो आणि नट ते पाठ करून म्हणतात. हौशी रंगभूमीवर थोडीफार लुडबुड केलेल्या कुणालाही हे हास्यास्पद वाटेल. नाटक असं होतं का कधी?

'मच अ‍ॅडो अबाउट नथिंग'ची १६०० ची छापील प्रत घ्या. चौथ्या अंकात डॉगबेरी आणि व्हर्जिस हे दोन बावळट चौकीदार बोलतात, पण संवादांच्या आधी बऱ्याच ठिकाणी पात्रांची नावंच नाहीत. तिथे छापलंय केंप आणि काउली. हे शेक्सपिअरच्या कंपनीतले नट! लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पात्राआधी विल केंप उभा होता, त्याचं थोबाड, त्याचे हशे. १५९९ च्या सुमारास केंप कंपनी सोडून गेला आणि त्याच्या जागी रॉबर्ट आर्मिन आला, गाणारा, तिरकस डोक्याचा. त्यानंतर विदूषकच बदलले. 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला फेस्टे बघा, 'किंग लिअर'मधला विदूषक बघा. वाड्यात बसलेल्या सरदाराला कंपनीत कोण आलं, कोण गेलं याची इतकी खबर? बरं, शेक्सपिअर त्या कंपनीत भागीदार होता, नट होता.

मग या शंकेचं मूळ कुठे? ऑक्सफर्डचं नाव १९२० मध्ये जे. थॉमस लूनी नावाच्या एका इंग्रज शिक्षकाने पुढे केलं. युक्तिवाद थोडक्यात असा, की हातमोजे शिवणाऱ्याच्या पोराला, म्हणजे शेक्सपिअरला, दरबार, इटली, कायदा हे कुठून कळणार? आपल्याकडे हा सूर ओळखायला कष्ट पडत नाहीत. पण मार्लोचा बाप चांभार होता आणि त्या काळचा दुसरा नाटककार बेन जॉन्सन, त्याचा सावत्र बाप गवंडी. त्यांच्यावर का नाही कुणी शंका घेत? शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डच्या शाळेत पोरांकडून लॅटिन घोटून घेत, आणि लॅटिन कवी ओव्हिड तर नाटकांत पानोपानी दिसतो. गंमत म्हणजे सिनेमाची प्रस्तावना करायला उभा आहे डेरेक जेकबी, लंडनच्या साध्या कामगारवस्तीतून शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेला. नट म्हणून मी त्याच्या पाया पडेन, पण हे त्याने बोलावं?

आणि तारखांचं काय? ऑक्सफर्ड १६०४ मध्ये वारला. समर्थक म्हणतात, नाटकं आधीच लिहून ठेवली होती. बरं. १६०९ च्या सुमारास कंपनी ब्लॅकफ्रायर्सच्या बंदिस्त नाटकगृहातही खेळ करू लागली. तिथे उजेड मेणबत्त्यांचा, वाती छाटायला दोन अंकांच्या मधे थांबावं लागे. ग्लोब या त्यांच्या उघड्या नाटकगृहात खेळ सलग चाले, म्हणून बाहेर गेलेलं पात्र लगेच परत आणायचं शेक्सपिअर टाळायचा. 'टेम्पेस्ट'मध्ये मात्र चौथ्या अंकाच्या शेवटी प्रॉस्पेरो आणि एरियल आत जातात आणि पाचव्याच्या सुरुवातीला तेच दोघे बाहेर येतात. मधे थांबायचंय हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. मेलेल्या सरदाराला हे कुणी कळवलं, तेवढं एमेरिखसाहेबांनी सांगावं.