वारसा यादी, जुनी दफनभूमी आणि एक फॉरवर्ड

धुळे-जळगावकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे. वारसा यादीत नाव लागलं की घर सरकारजमा होतं. जुन्या वास्तूपासून 100 मीटरच्या आत कुणाला खिळाही ठोकता येत नाही. दफनभूमीत 30 वर्षं कुणाला पुरलं नाही तर ती जागा आपोआप मोकळी होते. खान्देशात जपण्यासारखं काही नाही, पडक्या थडग्यांचे फोटो काढून ठेवले तरी पुरे. आणि शेवटी नेहमीचं: हे सगळं हटवल्याशिवाय शहर वाढणार नाही.

आधी घर सरकारजमा होण्याचं. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. केंद्राचा 1958 चा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी आहे. त्यातही खासगी मालकीचं स्मारक संरक्षित झालं म्हणून मालकी जात नाही. सरकार मालकाशी करार करू शकतं, जागा विकत किंवा भाड्याने घेऊ शकतं आणि सक्तीने घ्यायची झाली तर मोबदला द्यावा लागतो. शहराची वारसा यादी ही वेगळीच चीज. ती 1966 च्या नगररचना कायद्याखालच्या नियमांतून येते, तिच्यात श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत फारसं काही बदलता येत नाही, तिसऱ्या श्रेणीत बरेच बदल करता येतात. प्रॉपर्टी कार्डावर नाव मालकाचंच राहतं. निर्बंधामुळे न वापरता आलेलं चटई क्षेत्र, म्हणजे तेवढं बांधकाम करायचा हक्क, दुसऱ्या जागेसाठी टीडीआर म्हणून विकायची सोयही नियमात आहे.

मेसेज लिहिणाऱ्याने खरं तर इथे बोट ठेवायला हवं होतं. मुंबईत टीडीआरला गिऱ्हाईक मिळतं. ज्या शहरात गावाबाहेर एनए प्लॉट मुबलक आहेत, तिथे तो घेणार कोण? वाड्याचं छप्पर मालकाने स्वतःच्या खिशातून दुरुस्त करायचं, परवानगीची फाईल टेबलाटेबलावर फिरवायची आणि बदल्यात कागदावरचा हक्क मिळवायचा. ही तक्रार रास्त आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण त्यावर उपाय मालमत्ता करात सूट आणि दुरुस्तीला अनुदान हा आहे. यादीच नको, हा नव्हे.

100 मीटरचा आकडा खरा आहे, फक्त तो भलत्याच ठिकाणी चिकटवला आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम चालत नाही, पण आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याची मंदिरं केंद्राने संरक्षित केलेली आहेत, त्यांच्याभोवती हा नियम लागतो. धुळ्यातल्या एखाद्या गल्लीतला वाडा पालिकेच्या यादीत गेला म्हणून त्याच्याभोवती अशी रेघ पडत नाही.

30 वर्षांचा नियम कुठून आला, हे त्या लेखकालाच ठाऊक. पुरणं थांबलं म्हणून सिटी सर्व्हेतली किंवा विकास आराखड्यातली नोंद पुसली जात नाही. आराखड्यातला वापर बदलायचा तर नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. शिवाय भावना दुखावण्याच्या हेतूने, किंवा त्या दुखावतील हे माहीत असताना, दफनभूमीत घुसणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 नुसार गुन्हा आहे. आणि 'हा फक्त एका समाजाचा प्रश्न' असं कुणी सुचवत असेल, तर लिंगायत, गोसावी, पुरण्याची रीत असलेले आदिवासी, शिवाय ज्या घरांत मोठ्यांना अग्नी देतात पण तान्ह्या लेकरांना पुरतात, त्या सगळ्यांनाच विचारावं.

आता 'खान्देशात आहेच काय' हा मुद्दा. यावर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त लाईक यालाच आहेत.

गिरणेच्या काठावर चाळीसगाव तालुक्यात बहाळ आहे. 1950 च्या दशकात तिथे उत्खनन झालं. नदीपलीकडे टेकवाड्याला ताम्रपाषाण काळातली, म्हणजे माणूस तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायचा तेव्हाची, दफनं सापडली: वस्ती एका काठावर, मेलेली माणसं दुसऱ्या. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. ती भांडी कशी घडवत, मेलेल्यांसोबत काय ठेवत, हे मातीनेच सांगितलं. जुन्या गढीची पांढरी माती ट्रॉल्या भरून शेतात नेऊन टाकतो, तेव्हा नेमकं असंच काहीतरी आपण विस्कटत असतो.

दुसरं उदाहरण शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरचं. खान्देशवर राज्य केलेल्या फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा 1399 मध्ये वारला, तो थाळनेरला पुरला गेला. त्याच्यानंतरचे राजेही तिथेच. मग दुसरा आदिलखान 1501 मध्ये गेला, त्याची कबर मात्र बुऱ्हाणपूरला. खान्देशचा कारभार तापीकाठच्या थाळनेरहून बुऱ्हाणपूरला सरकला, हे या थडग्यांच्या जागांवरूनही वाचता येतं. फोटोत घुमट येईल. पण पायाखालची माती, विटांचा आकार, चुन्यात काय कालवलं होतं, शेजारची बिननावाची कबर कुणाच्या किती जवळ आहे, हे पुढे कुणाला तपासायचं झालं तर फोटो काय दाखवणार?

शहर वाढण्याच्या मुद्द्याला फार वेळ द्यायचं कारण नाही. धुळ्याचंच बघा. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने जुन्या धुळ्याला लागून नवी पेठ आखली, आज आपण नंबराने ओळखतो त्या सरळ गल्ल्या त्याच आखणीतल्या. जुनं धुळं न पाडता शहर वाढलं. आणि वाडे पडतात ते वारसा यादीमुळे नाही. वीस वारसदार, त्यातले अर्धे पुण्या-सुरतेला, सही करायला कुणी येत नाही, धाब्याच्या छपरावर खारी माती टाकणारा मिळत नाही, दोन पावसाळ्यांत सागाची तुळई कुजते. यादीत नसलेले वाडेही असेच कोसळतात.

ज्यांच्याकडे तो मेसेज आला आहे, त्यांनी पाठवणाऱ्याला एवढंच विचारावं: तुमच्या शहराची वारसा यादी झाली आहे का, आणि झाली असेल तर तुम्ही ती पाहिली आहे का?