‘आणखी एक काठी’ म्हणणाऱ्या मॅडमना उत्तर

मॅडम, शिक्षकांच्या कामाच्या वार्षिक मूल्यमापनावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘मूल्यमापन म्हणजे मुख्याध्यापकाच्या हातात आणखी एक काठी. जतच्या वाडीवरची शाळा आणि सांगलीतल्या विश्रामबागची शाळा एकाच मापाने मोजणार का?’ असं तुम्ही विचारलंत.

मापाचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं पोर कित्येक आठवडे वर्गातच नसतं, त्याच्या निकालाचा जाब वर्गशिक्षकाला कसा विचारणार? निकालाच्या टक्केवारीला यात जागा नको. लेखात हे मी ठासून लिहायला हवं होतं.

काठी मात्र आधीपासूनच आहे. खाजगी शाळांच्या 1981 च्या नियमावलीतल्या नियम 15 प्रमाणे दरवर्षी शिक्षकाच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहायचा असतो. प्रतिकूल शेरा लेखी कळवायचा. मुदतीत कळवला नाही, तर त्या वर्षीचं काम समाधानकारक धरायचं. पण ‘साधारण’ला प्रतिकूल कोण म्हणतं? म्हणून तो कळवलाच जात नाही. मी मुख्याध्यापक असताना निकालपत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी बसून एका दुपारी एकोणीस अहवाल उरकले. विज्ञानाच्या एका सरांना ‘साधारण’ लिहिलं. वर्षभरात त्यांच्या एकाही तासाला मी बसलो नव्हतो. पुढे निवड श्रेणीच्या, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीच्या, प्रस्तावाच्या वेळी ते कागद निघाले. सर दारातच थांबले. “तेव्हाच सांगितलं असतंत तर?” एवढंच म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती चूक माझी होती आणि त्यातूनच तो लेख लिहिला.

2008 मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सेवेतल्यांबाबत सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद कळवलीच पाहिजे. तिथे शेरा तर ‘चांगला’ होता! पण बढतीला ‘खूप चांगला’ लागत होता, आणि त्या माणसाला पत्ताच नव्हता.

म्हणून माझा आग्रह उघड्या अहवालाचा आहे. आधी शिक्षकाने स्वतःचं लिहावं. मुख्याध्यापकाने आधी सांगून वर्षातून निदान दोनदा तासाला बसावं आणि त्याच दिवशी समोर बसून बोलावं. शेऱ्याखाली दोघांच्या सह्या, एक प्रत शिक्षकाकडे. न पटलेलं लिहायला जागा हवीच. जनगणना, निवडणुकीची कामं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकांकडे येतातच. त्यात गेलेले दिवसही त्याच कागदावर यावेत.

अशा अहवालाचा एक नमुना मी केला आहे. त्यात पटसंख्या आणि स्थलांतरित मुलं यांचे रकाने आहेत. वाडीवरच्या शाळेसाठी आणखी काय हवं, ते तुम्ही सांगा. जूनच्या आत कळवलंत, तर यंदाच्या नमुन्यातच घालतो.