‘हा करार कुणी घेणारच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या, फिलाडेल्फियाच्या जोएल एम्बीडचं नाव निघालं की एक दावा हमखास फिरू लागतो: गुडघा बोलतोय, 2024-25च्या हंगामात जेमतेम 19 सामने खेळला, वर पगार 2028-29पर्यंत बांधून दिलेला, असा करार ट्रेड होणं (म्हणजे खेळाडू करारासकट दुसऱ्या संघाच्या गळ्यात घालणं) अशक्य, फिलाडेल्फियाने आता नशिबाला दोष देत बसावं. सोबत तीन कारणं येतात. असा खेळाडू कुणालाच नको असतो. एवढी रक्कम कुणाला जुळवता येत नाही. आणि तिसरं, असाच महागडा करार असलेल्या ब्रॅडली बीलचं काय झालं ते बघा.

पहिलं कारण रसेल वेस्टब्रुकने एकट्याने निकालात काढलंय. ओक्लाहोमा सिटीने 2017मध्ये त्याच्याशी 5 वर्षांचा 20.5 कोटी डॉलरचा करार केला. तो संपेपर्यंत गडी चारदा ट्रेड झाला: 2019मध्ये ह्यूस्टन, 2020मध्ये वॉशिंग्टन, 2021मध्ये लेकर्स आणि फेब्रुवारी 2023मध्ये युटा. दर वेळी ‘आता याला कोण घेणार’ हे ऐकू येतच होतं. घेणारा मिळायचा, कारण समोरच्या घरातही असाच एक नकोसा करार पडलेला असायचा. 2019मध्ये तो ख्रिस पॉलचा होता, 4 वर्षांचे 16 कोटी. 2020मध्ये जॉन वॉलचा, 4 वर्षांचे 17.1 कोटी, टाचेची शीर तुटल्यामुळे वॉल तेव्हा जवळपास दोन वर्षं मैदानावर उतरला नव्हता. खोट्या नाण्याच्या बदल्यात खोटं नाणं, असा हा व्यवहार.

पण प्रत्येक नाणं खोटंच निघतं असंही नाही. पॉल ओक्लाहोमाला आला तेव्हा तो संपलाय असं धरूनच सगळे बोलत होते, म्हणून तर ह्यूस्टनने त्याच्यासोबत पहिल्या फेरीचे दोन पिकही (नवे खेळाडू निवडायचे हक्क) दिले. तो त्याच हंगामात ऑल-स्टार झाला, पुढे फिनिक्सला गेला आणि 2021मध्ये संघासोबत अंतिम फेरीत पोचला. 2021च्या लेकर्स व्यवहारात तर घेणाऱ्यानेच वर किंमत मोजली: काइल कुझ्मा, केंटेव्हियस काल्डवेल-पोप, मॉन्ट्रेझ हॅरेल आणि पहिल्या फेरीचा एक पिक. (काल्डवेल-पोप 2023मध्ये डेन्व्हरकडून विजेता ठरला, तोही वाटेत लेकर्सना 4-0ने घरी पाठवून. लेकर्सच्या चाहत्यांना ही आठवण देऊ नये, पण विषय निघालाच.)

रकमेचा मुद्दा आपल्याकडे जरा जास्त पटतो, कारण आपण आयपीएलच्या चष्म्यातून बघतो. तिथे महागडा खेळाडू पुढच्या लिलावाआधी सोडला की पैसे पर्समध्ये परत. एनबीएत बहुतेक मोठे करार पूर्ण हमीचे असतात, आणि कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेच्या, वर असलेल्या संघाला ट्रेडमध्ये साधारण जितका पगार घ्यायचा तितकाच द्यावाही लागतो. म्हणजे मोठा पगार हा अडथळा आहे तसाच तो मोठा माल घ्यायचा एकमेव मार्गही आहे. 2023मध्ये वेस्टब्रुकचा त्या वर्षीचा पगार सुमारे 4.7 कोटी होता. तेवढा आकडा हातात होता म्हणून लेकर्सना डिअँजेलो रसेल, मलिक बीस्ली आणि जॅरेड व्हँडरबिल्ट असे तिघे एका फटक्यात आणता आले, आणि धडपडणारा तो संघ कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे उपांत्य फेरीला, गेला. बदल्यात त्यांनी 2027चा पहिल्या फेरीचा पिक दिला, तोही संरक्षित, म्हणजे फारच वरचा क्रमांक आला तर स्वतःकडेच ठेवायचा.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. त्याच्या वर्षभर आधी वॉल आणि वेस्टब्रुक यांची पुन्हा अदलाबदल होणार अशा बातम्या होत्या. ह्यूस्टनला वर पिक हवा होता, लेकर्सनी तो दिला नाही. त्या 2021-22च्या हंगामात वॉल एकही सामना न खेळता सुमारे 4.4 कोटी घेऊन बाकावर बसून राहिला आणि शेवटी बायआउट झाला, म्हणजे तडजोडीची रक्कम देऊन करार मोडला. दाव्याच्या बाजूने याहून भक्कम पुरावा नाही. पण तिथेही अडलं ते किमतीवर. एवढंच की ह्यूस्टनला तशी घाईही नव्हती. संघ पुन्हा उभारायला काढला होता.

बीलचं उदाहरण मात्र चुकीच्या जागी वापरलं जातं. वॉशिंग्टनने 2022मध्ये त्याला 5 वर्षांचे 25.1 कोटी दिले आणि सोबत नो-ट्रेड कलम, म्हणजे त्याच्या होकाराशिवाय ट्रेड नाही. तरीही जून 2023मध्ये तो ट्रेड झालाच, फिनिक्सला. कलम त्याच्यासोबत गेलं. 2025च्या सुरुवातीला फिनिक्सला जिमी बटलर हवा होता, पण बीलच्या होकाराशिवाय पान हलेना. बटलर गोल्डन स्टेटला गेला आणि जुलैत बीलचा बायआउट करावा लागला. त्यात फिनिक्स दुसऱ्या ॲप्रनच्या, म्हणजे कॅपच्याही बऱ्याच वर आखलेल्या पगाराच्या रेषेच्या, वर होतं. 2023च्या कामगार करारानुसार अशा संघाला दोन पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, आणि दिल्यापेक्षा जास्त पगार घेताही येत नाही. एम्बीडच्या करारात नो-ट्रेड कलमच नाही.

ॲप्रनमुळे गिऱ्हाइकं कमी झालीत, हे मान्य. त्याहून मोठा फरक वर्षांचा आहे. युटाने वेस्टब्रुक घेतला तेव्हा कराराचे काही महिनेच उरले होते. एम्बीडच्या 3 वर्षांच्या, सुमारे 19.3 कोटींच्या मुदतवाढीची सुरुवातच 2026-27ला होते. शिवाय वैद्यकीय तपासणीत गुडघा नापास झाला तर ठरलेला ट्रेडही रद्द होऊ शकतो. म्हणून माझ्या मते फिलाडेल्फियाने घाईने विकायला जाऊ नये. गेलेच, तर बदल्यात उगवता तारा मिळणार नाही. दुसऱ्या कुठल्यातरी संघाचा तितकाच लांब, तितकाच नकोसा करार मिळेल आणि वर पिक कुणी द्यायचे यावर आठवडाभर घासाघीस चालेल.