पुरावा कोणी द्यायचा?

अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या खटल्यांचा विषय निघाला की गाडी थेट १८५७ च्या ड्रेड स्कॉटवर जाते, म्हणजे काळ्या माणसाला नागरिकत्व नाकारणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर. माझं ठाम मत आहे, आधीची पन्नास वर्षं वाचल्याशिवाय तो निकाल कळत नाही. माणूस स्वतंत्र की गुलाम, हे तिथे पुराव्याच्या नियमांनी ठरत होतं.

व्हर्जिनियात १६६२ पासून मुलाला आईचा दर्जा लागे. म्हणून स्वातंत्र्याचा दावा लावणाऱ्या गुलामाला आईकडची एखादी पूर्वज स्वतंत्र होती हे दाखवावं लागे. १७९५ च्या कायद्याने कोर्ट फुकट वकील नेमून देई. पण दावा फसला तर त्याला मदत करणाऱ्याला १०० डॉलर दंड! मग पुढे येणार कोण?

१८०६ चा हडगिन्स विरुद्ध राइट हा खटला पाहा, राइट कुटुंबाने स्वातंत्र्य मागितलेला. खालच्या कोर्टात न्यायाधीश जॉर्ज विथ म्हणाले, स्वातंत्र्य जन्मसिद्ध आहे, मालकी सांगणाऱ्याने ती सिद्ध करावी. अपील कोर्टाने राइट कुटुंबातल्या बायकांना मोकळं केलं, पण ते रंग, केस आणि नाक बघून. गोरा किंवा इंडियन (अमेरिकेतला मूळ रहिवासी) दिसणारा माणूस स्वतंत्र धरायचा. आफ्रिकन दिसणाऱ्याने मात्र स्वतःचं स्वातंत्र्य स्वतःच सिद्ध करायचं.

आणि ते करायचं कशाच्या जोरावर? स्वातंत्र्य मागणाऱ्या मिमा क्वीनचा खटला १८१३ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला. तिची पणजी मेरी क्वीन, तिच्या काळचे साक्षीदार कधीच वारलेले. उरलेले लोक एवढंच सांगू शकत होते, की मेरी क्वीन स्वतंत्र होती असं जुन्या माणसांकडून ऐकलंय. सरन्यायाधीश मार्शल यांनी ही ऐकीव साक्ष नाकारली. एकटे न्यायमूर्ती डुव्हाल विरोधात गेले. मेरीलँडमध्ये असे दावे त्यांनी स्वतः वकील म्हणून लढवले होते, अशी साक्ष तिथे चालते हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. ज्यांच्या जन्माची नोंद कुणी ठेवलीच नाही, त्यांच्याकडे आठवणीशिवाय असणार काय?

आता दुसरी बाजू, मालकांची, बघा. १७९३ च्या फेडरल कायद्यानुसार पळून आलेल्या गुलामाला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, तोंडी साक्ष किंवा दुसऱ्या राज्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचं, की नेण्याचा दाखला हातात. ज्यूरी नाही. आडवा येणाऱ्याला ५०० डॉलर दंड. १८२६ मध्ये पेनसिल्व्हेनियाने यापेक्षा कडक पुरावा मागणारा कायदा केला. १८३७ मध्ये गुलाम पकडणाऱ्या एडवर्ड प्रिगने तो डावलून, पळालेली गुलाम म्हणून मार्गारेट मॉर्गनला मुलांसकट मेरीलँडला नेलं. १८४२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रिगची शिक्षा रद्द केली आणि पेनसिल्व्हेनियाचा कायदाही. तिच्या मुलांपैकी निदान एक तरी पेनसिल्व्हेनियात, म्हणजे स्वतंत्र भूमीवर जन्मलेलं होतं.