‘पाच मिनिटांत ग्राफिक्स कार्ड’: मेसेजमध्ये काय गाळलंय

सांगली-मिरज, साताऱ्याकडच्या गेमिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ग्राफिक्स कार्ड बदलणं पाच मिनिटांचं काम, दुकानदाराला पाचशे रुपये कशाला? मदरबोर्डवर लांब स्लॉट असला की कुठलंही कार्ड चालतं. एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ४५० वॅट लिहिलंय ना, मग विषय संपला. कार्डाला वीज देणारी वायर नसेल तर दीडशेचा कन्व्हर्टर आणा. अर्थिंग मिळावं म्हणून प्लग चालू ठेवूनच काम करा. शेवटी विंडोज फॉरमॅट मारा.

पाचशे वाचवायला आमची हरकत नाही. दोन स्क्रू, एक लॉक, एक-दोन कनेक्टर. घरी कोणालाही जमतं. पण ती पाच मिनिटं स्क्रूची झाली. खरा वेळ कार्ड विकत घेण्याआधी लेबलं वाचण्यात आणि कॅबिनेट मोजण्यात जातो, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही.

आधी ४५० वॅटचं बघू. कार्ड बहुतेक सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतं, त्यामुळे मोठ्या अक्षरांतला आकडा सोडा आणि स्टिकरवरचा तक्ता वाचा. १२ व्होल्टखाली १६ अँपिअर असेल, तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. त्यातच प्रोसेसर, पंखे आणि हार्ड डिस्कची मोटर आली. आरटीएक्स ३०६० एकटंच १७० वॅटपर्यंत जातं, आणि त्यासाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. गंमत म्हणजे अशा जोडीवर पीसी सुरू होतो, यूट्यूबही चालतं. गेम लावला की थोड्या वेळात धाडकन बंद किंवा रीस्टार्ट. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. त्याचा अर्थ एवढाच, की पीसी नीट बंद झाला नव्हता. पण दर वेळी लोड आल्यावरच हे होत असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या. लोक मात्र कार्डच खराब आहे म्हणून दुकान गाठतात.

कन्व्हर्टरचा सल्ला तर सरळ धोक्याचा. हिशेब असा: स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट, सहा पिनच्या कनेक्टरमधून ७५, आठ पिनच्या कनेक्टरमधून १५०. असा कन्व्हर्टर बहुधा हार्ड डिस्कच्या साटा पॉवर कनेक्टरला जोडलेला असतो. त्याला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. सगळे मिळून ५४ वॅट. त्याच्याकडून आठ पिनचे १५० मागितले की पिना तापतात, प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. एसएमपीएसला पीसीआयची वायरच नसेल, तर तो अशा कार्डासाठी बनवलेला नाही, एवढं त्यातून समजून घ्यावं. कार्ड स्वस्तातलं घ्या, पण एसएमपीएस चांगला घ्या.

वायर असली तरी ती ओळखावी लागते. प्रोसेसरची आठ पिनची वायर ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२ अशी. दोन्हींत पॉझिटिव्ह आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. खाचा वेगळ्या असल्याने सहज बसत नाही, म्हणून जोर लावणारे महाभाग निघतात आणि शॉर्ट करून घेतात. मॉड्युलर (वायरी सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलताना जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते.

‘कुठलंही कार्ड चालतं’ हे अर्धं खरं. पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे त्या लांब स्लॉटच्या जोडणीची, नवी पिढी जुन्या स्लॉटमध्ये चालते, हे बरोबर. पण आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेन (स्लॉटमधले डेटाचे मार्ग) वापरतं, म्हणून तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्याचा वेग चांगलाच पडतो. इंटेल आर्क कार्डांना रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, लागतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) तो पर्याय नसेल तर ते कार्ड घेऊ नये. कंपन्यांतून निघालेले डेल-एचपीचे चपटे डेस्कटॉप स्वस्त मिळतात, पण त्यांत अर्ध्या उंचीचंच कार्ड मावतं, आणि पुष्कळ मॉडेलांत एसएमपीएसचा आकार नि कनेक्टर कंपनीचे खास असतात, बाजारातला बसत नाही. उभ्या कॅबिनेटमध्येही टेप घेऊन लांबी मोजा. पुढच्या पंख्याचे २५ मिलिमीटर वजा करायचे. वॉटर कूलरचा रेडिएटर असेल तर आणखी २७.

प्लग चालू ठेवायचा? अजिबात नाही. पीसी बंद असला तरी मदरबोर्डवर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा असतोच. आणि जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत तिसऱ्या पिनला अर्थिंग असेलच असं नाही. वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मग कार्डाला.

कार्ड काढताना लोक अडकतात ते स्लॉटच्या टोकाच्या लॉकपाशी. मोठ्या हीटसिंकखाली ते दिसतही नाही. प्लास्टिकच्या पट्टीच्या टोकाने दाबा. स्क्रूड्रायव्हर निसटला तर बोर्डवरची रेघ तुटते आणि पाचशे वाचवायच्या नादात मदरबोर्ड जातो. नवं कार्ड दोन्ही टोकांना सारखं दाबून ‘टक’ होईपर्यंत बसवा. सोनेरी पट्टी एका बाजूला जास्त दिसली तर ते तिरकं आहे. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नव्हे. ‘काहीच फरक पडला नाही’ या तक्रारीत हे आधी तपासा.

फॉरमॅटची गरज नाही. नेट बंद करून सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवू देणारा प्रोग्रॅम, काढा, नवा टाका. एनव्हिडियावरून एनव्हिडियावर जाताना तेवढंही क्वचितच लागतं. मात्र विंडोज ११ मध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन (कुलूपबंद साठवण) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा; बायोसमध्ये काही बदललं की ती मागितली जाऊ शकते.

सेकंडहँड कार्डाचा उल्लेख मेसेजमध्ये नाही, पण आपल्याकडे तीच जास्त खपतात. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा महापूर पाहिलेल्या भागात ब्रॅकेटचे स्क्रू, पोर्टांच्या आतली कड आणि हीटसिंकच्या फटी टॉर्च मारून बघा. गंज किंवा गाळाची रेघ दिसली तर किंमत कितीही उतरली तरी नको. कारखान्याजवळ राहत असाल, तर गळीत हंगामात चिमणीची काळी राख पंख्यांत साचते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

आणि यूपीएस. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा, त्यातून साधारण ३६० वॅट मिळतात. नवं कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून त्यापुढे गेले, तर गेम चालू असताना लाइट गेल्यावर यूपीएस एकदा किंचाळतो आणि पीसीसकट बंद पडतो. यूपीएस खराब झालेला नसतो. एक तर मोठा घ्यावा लागतो, नाही तर तो फक्त राऊटर आणि मॉनिटरला ठेवून पीसी थेट भिंतीवरच्या स्विचबोर्डावर लावावा लागतो.